आतल्या बाजूचे दोन ठिपके

काका, तुमच्या तेराव्याला शनिवार पेठेतल्या घरी गोडाचं जेवण होतं. मी ताट घेऊन खिडकीपाशी बसले होते. समोर काकू होत्या आणि त्यांच्या शेजारी ॲडव्हेंचर पार्कचा तो मॅनेजर. त्याने आवाज जरासुद्धा कमी न करता काकूंना सांगितलं, "माणूस सज्जन होता हो. पण शेवटी शेवटी हात गेला होता त्यांचा. त्या फेंडरचं तसं व्हायला नको होतं." आजूबाजूच्या दोघातिघांनी मान हलवली. काकूंनी त्याला आणखी मठ्ठा हवा का, असं विचारलं. आणि मी काय केलं? मी जिलबी खाल्ली. तोंडात घास होता म्हणून बोलता आलं नाही, असं मी विश्रांतवाडीला परत येईपर्यंत स्वतःला समजावत होते.

तुमचा हात गेला नव्हता. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी गप्प बसले तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात.

म्हणून हे लिहायला घेतलं. श्रद्धांजली वगैरे मला जमत नाही आणि तुम्हाला ती चाललीही नसती. कुणाच्या शोकसभेहून परत आलात की टोपी काढून म्हणायचात, "भाषणं ऐकली. आपण कुणाच्या सभेला आलोय तेच कळेना." तेव्हा तुमचे गुण मी सांगत बसत नाही. माझा एक हिशोब तुमच्याजवळ राहिलाय, तेवढाच मांडते.

तुमच्या शेडच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले त्याला नऊ वर्षं झाली. बंपर ओतणाऱ्या कारखान्यातलं माझं कंत्राट संपलं होतं. हिंगणघाटहून पुण्याला येऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झालेली, आणि परत जायचं तोंड नव्हतं. कुणीतरी सांगितलं, आळंदी रोडला पत्र्याच्या शेडमध्ये एक निवृत्त गृहस्थ चिखलातल्या गाड्यांचं फुटकं प्लास्टिक जोडून देतात. पार्कात दगडधोंड्यांवरून धावणाऱ्या चार चाकांच्या त्या बुटक्या मोटारसायकलींचे फेंडर म्हणजे चाकांवरची झाकणं, रविवारी घाटात जीप घालणाऱ्या आयटीवाल्यांच्या गाड्यांच्या खालच्या पट्ट्या, असलं सगळं. नवा भाग मागवला तर दोन-दोन महिने येत नाही, म्हणून लोक तुमच्याकडे यायचे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, माझ्या पिशवीकडे पाहिलंत आणि नाव-गाव काहीही विचारलं नाहीत. एका फेंडरच्या आतल्या कडेची नखाएवढी कपची सुरीने काढलीत, चिमट्यात धरून पेटवलीत, विझवलीत आणि माझ्या नाकासमोर धरलीत.

"सांगा."

"मेणबत्ती विझवल्यावर वास येते ना जी, तसा येऊन राहिला. पण मांगून थोडासा डिझेलचा. पीपी आहे."

"बसा," म्हणालात. मग थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणालात, "आणि मांगून नाही, मागून. पण नाक चांगलं आहे."

मला राग आला होता. एवढ्या लांबून आलेल्या बाईची कुणी बोली सुधारतं का? पण चहाचा पहिला पेला तुम्ही मला दिला होतात आणि स्वतः झाकणात घेतला होतात. म्हणून बसले.

या धंद्यात नाक काय कामाचं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. प्लास्टिकच्या जाती असतात, पीपी, पीई, एबीएस अशा, आणि प्रत्येकाला त्याच्याच जातीचा रॉड, म्हणजे प्लास्टिकची काडी, लागतो. पीपीला पीपीचा, पीईला पीईचा. गरम हवेने भेगेच्या दोन्ही कडा आणि रॉड एकदम वितळवायचे, की तिन्ही एकजीव होतात. जात चुकली तर वरून सगळं छान दिसतं, पण आत धरलेलं काहीच नसतं. मागच्या बाजूला कारखान्याने छाप मारलेला असला तर प्रश्न नाही. पण पार्कातल्या गाड्यांचे छाप घासून गेलेले असतात. एबीएस जळताना काळाकुट्ट धूर सोडतं, ते आंधळ्यालाही कळेल. पीपी आणि पीई मात्र दोन्ही हलके, दोन्ही तेलकट, जळताना दोन्ही मेणासारखे ठिबकतात. फरक काय तो वासात.

गिऱ्हाईकं माझ्या डोक्यावरून मागे बघत विचारायची, "साहेब नाहीत का?" तुम्ही कोपऱ्यातून म्हणायचात, "साहेब मीच आहे, पण मला त्यातलं कळत नाही. आमच्या नाकाला विचारा." मग त्यांना माझ्याशी बोलावंच लागायचं. काका, बापाच्या घरी नाही, नवऱ्याच्या घरी नाही, कारखान्यात तर नाहीच नाही, पण तुमच्या त्या गळक्या शेडमध्ये मला कुणीतरी विचारायला लागलं. ते त्या नाकामुळे. तुम्ही अधूनमधून मंडईतून पेरू आणायचात आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवायचात. मी चपला काढायच्या आत ओरडायचे, "पेरू!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पोलिसात जायला हवं होतं तुम्ही. कुत्र्यांचा पगार वाचला असता."

मग ती साथ आली. दुसऱ्या लाटेत मी पंधरा दिवस पडून होते. उठले, फोडणी टाकली आणि मोहरी तडतडताना दिसली, पण वास नाही. हिंगाची डबी नाकाशी धरली. नाही. धुण्याचा साबण, रॉकेल, पोराबाळांची डोकी, कशालाच काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आलाच नाही. घरी फक्त यांना सांगितलं. तुम्हाला सांगणार होते. पहिल्या दिवशी शेडमध्ये आले तर तुम्ही एका जीपवाल्याला सांगत होतात, "पंधरा दिवस काम बंद होतं. नाक आजारी होतं आमचं. आता आलंय." तो हसला. मी पण हसले. आणि मग सांगायचं राहिलं ते राहिलंच.

लपवणं अवघड गेलं नाही, त्याचीच मला आता लाज वाटते. धूर बघून निम्मं काम व्हायचं. उरलेल्यासाठी नख. पीई जरा मऊ असतं, नखाचा ओरखडा उठतो. पीपीवर तेवढा उठत नाही. कपची पेटवायची, नाकाशी धरून विचार केल्याचं सोंग करायचं आणि दुसऱ्या हाताने टेबलाखाली नखाने कड खरवडायची. संध्याकाळी जाताना खडूने प्रत्येक तुकड्यावर जात लिहून ठेवायची, म्हणजे सकाळी आल्याबरोबर काम सुरू. कधी कधी सकाळी बघितलं तर मला वाटायचं, अरे, काल आपण यावर पीपी लिहिलं होतं ना? आणि तिथं पीई असायचं. मला वाटायचं आपलंच चुकलं, दिवसभरात वीस तुकडे हाताखालून जातात.

त्याच सुमाराला तुमच्यात दोन बदल झाले आणि मी त्या दोन्हींचा चुकीचा अर्थ लावला. एक म्हणजे तुम्ही सकाळी साडेनऊऐवजी आठलाच शेडवर यायला लागलात. काकूंनी घराबाहेर काढलं असेल, म्हणून मी हसले होते. आणि दुसरं, तुम्ही "आमच्या नाकाला विचारा" म्हणायचं सोडून दिलंत. "रंजनाबाईंना विचारा" म्हणायला लागलात. मला ते लागलं. म्हटलं, आता आपली किंमत उतरली यांच्या लेखी. घरी जाऊन रडलेसुद्धा.

आणि त्याच वेळी आपलं ते आतल्या बाजूचं भांडण सुरू झालं. बाहेरून मी तुकडा इतका घासून गुळगुळीत करायचे की भेग कुठे होती ते मालकालाही सापडू नये. आतून मात्र तुम्ही ठेवायचात ते ध्यान. जोडावर पॉलिश पेपर फिरवू द्यायचा नाही. भेग पुढे धावू नये म्हणून तिच्या टोकाला पाडलेलं भोक तसंच दिसलं पाहिजे. ते भोक तुम्ही भेग संपल्यासारखी वाटते तिथं नाही, बोटभर पुढे पाडायला लावायचात, कारण डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढेही ती गेलेली असते. आणि शिवाय कडेला प्लास्टिकचे दोन ठिपके. एक बोटाला टोचेल असा वर आलेला, दुसऱ्याच्या जागी नुसता चट्टा. मी म्हणायचे, "हे काऊन ठेवता काका? सुरीने साफ करते ना मी."

"'काऊन' विचारलंत की उत्तर द्यावंसं वाटत नाही."

"बरं, का?"

"आतली बाजू आपल्यासाठी असते. पुन्हा फुटून आला तर जोडणाऱ्याला कळायला नको, आधी काय झालं होतं ते? मालकाला चकाकी हवी असेल तर तुळशीबागेत आरसे मिळतात."

"अन् हे ठिपके? त्यायनं काय कळते?"

"ज्याला बघायचंय त्याला कळतं," म्हणालात आणि गॉगल डोळ्यावर ओढून गरम हवेची बंदूक सुरू केलीत. त्या बंदुकीच्या आवाजात भांडता येत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. किती वर्षं मी त्या ठिपक्यांना तुमचा गबाळेपणा समजत होते.

आता त्या फेंडरचं. गेल्या डिसेंबरात तुमच्या छातीत धडधडायला लागलं आणि तपासण्यांसाठी तुम्ही तीन दिवस आला नाहीत. त्यातच पार्कवाल्याने एक फेंडर आणून टाकला. पायाच्या मागचा, चाक आणि पाय यांच्यामध्ये असतो तो भाग. शनिवार-रविवारची गर्दी आहे, उद्याच पाहिजे, म्हणाला. मी कपची पेटवली. धूर नाही. नख मारलं. ओरखडा उठला नाही. त्या सकाळी शेडमध्ये इतकी थंडी होती की माझीच बोटं लाकडाची झाली होती. प्लास्टिकही थंडीने कडक झालं असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पीपी ठरवलं आणि जोडला. इतका सुरेख जोड मी कधी घातला नव्हता. वाटलं, तुम्ही आल्यावर दाखवू. पण फेंडर तोवर गेला होता.

रविवारी उतारावर तो जोड सुटला. एका पोरीचा पाय चाकात गेला आणि घोट्याचं हाड मोडलं.

सोमवारी तुम्ही कामावर आलात आणि तासाभरात मॅनेजर फेंडर घेऊन आला. टेबलावर आदळला. "कोणी केलंय हे?" तुम्ही तो उचललात, उलटा केलात, जोडावरून अंगठा फिरवलात. माझा जोड तुम्हाला ओळखू येणार नाही असं होणं शक्यच नव्हतं. मी डावीकडून उजवीकडे जाते, माझ्या वळ्या बारीक पडतात, तुमच्या जाड. शिवाय तुम्ही तीन दिवस तिथं नव्हतातच.

"मी," म्हणालात.

पुढची पंधरा मिनिटं तो जे बोलला ते तुम्ही उभ्याने ऐकून घेतलंत. वयाचं काढलं, डोळ्यांचं काढलं, घरी बसायचं काढलं. एरवी कुणी अर्धा शब्द वाकडा बोललं तर त्याची चार वाक्यांत वरात काढणारे तुम्ही, त्या दिवशी "बरोबर आहे" एवढंच म्हणत होतात. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. मी घसा साफ केला. खरंच केला होता काका. पुढे काही निघालं नाही.

तो गेल्यावर तुम्ही स्टुलावर बसलात, चहा ओतलात, पहिला पेला मला दिलात. मग हळूच विचारलंत, "रंजनाबाई, त्या दिवशी वास कसला आला होता?"

तुम्ही रागावून विचारलं असतंत तर कदाचित मी खरं बोलले असते. पण तुम्ही असं विचारलंत की मला वाटलं, आता आपण पकडले गेलो. आणि पकडल्या गेलेल्या माणसासारखीच मी अंगावर गेले. म्हणाले, "पीपीचाच होता वास. मेण अन् डिझेल. माहं नाक नाही चुकत. तुमीच मिसळले असतील रॉड डब्यात. दोन्ही काळेच तर आहेत."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हातातलं झाकण खाली ठेवलंत.

"असेल," म्हणालात. "वय झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर रॉडच्या डब्यांवर तुमच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. प्रत्येक रॉडच्या टोकाला रंग होता, पीपीला तांबडा, पीईला पांढरा. एकेक रॉड घेऊन रंगवला होतात तुम्ही. जीपवाल्याने विचारलं, "हे काय नवीन?" तुम्ही म्हणालात, "माझी गल्लत व्हायला लागली हो हल्ली." मला हायसं वाटलं. खरंच तेच वाटलं होतं मला. सुटले बुवा. माझं खोटं धड उभं राहावं म्हणून तुम्ही त्याला टेकू देत होतात आणि मी मनात म्हणत होते, बघ, झालीच असेल खरं तर यांची गल्लत.

त्या पोरीला भेटायलाही तुम्हीच गेलात, पेरू घेऊन. मला म्हणालात, "येता का?" मी म्हटलं, घरी पाहुणे आहेत. पाहुणे कुणी नव्हते.

नंतरचे सव्वादोन महिने तुम्ही नेहमीसारखे होतात आणि मी तुमच्यावर चिडलेली होते. ज्याचं आपण वाईट केलंय त्याचंच तोंड बघवत नाही, तसलं ते चिडणं. चहाला नाही म्हणायचे. तुम्ही विनोद केला तर हसायचे नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "निघतो, रंजनाबाई," आणि मी रॉड मोजत असल्याचं दाखवलं. सकाळी काकूंचा फोन आला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेड उघडली. कॉम्प्रेसरच्या मागे गोणपाटात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं दिसलं. सोडलं तर तोच फेंडर. मी तो उलटा केला. माझा सुटलेला जोड, आणि त्याच्या शेजारी दोन ठिपके. एक घट्ट बसलेला. दुसऱ्याच्या जागी नुसता चट्टा.

मग पांढऱ्या टोकाचा एक रॉड आणि तांबड्या टोकाचा एक रॉड घेतला. दोन्हींचा एकेक थेंब तुमच्या ठिपक्यांच्या खाली ठेवला, गार होऊ दिला आणि पक्कडीने ओढला. तांबड्याचा थेंब सालपटासारखा निघून आला. पांढऱ्याचा हलला नाही. जो रॉड धरतो ती प्लास्टिकची जात. त्याला ना नाक लागतं, ना नख. दोन मिनिटांचं काम.

मग मी वेड्यासारखी शेडमधला एकेक तुकडा उलटा करत सुटले. पुन्हा फुटून आलेले, कुणी न्यायला न आलेले, नमुन्याला टांगलेले. माझ्या आजारपणाच्या आधी जोडलेल्या एकाही तुकड्यावर ठिपके नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक तुकड्यावर आहेत. प्रत्येक, काका. मी खडूने लिहून घरी गेले की सकाळी आठला येऊन तुम्ही माझा शब्द तपासत होतात, आणि चुकला असेल तर खडूने दुरुस्त करून ठेवत होतात. आणि तो फेंडर तुम्ही अपघातानंतर तपासला होतात. म्हणजे मी "तुमीच मिसळले असतील" म्हणाले, त्यानंतर तुम्ही एकट्याने बसून नीट खात्री करून घेतलीत की मी खोटं बोलतेय. आणि मग रॉडची टोकं रंगवलीत.

मला आधी रडू नाही आलं. संताप आला. चार वर्षं माझ्या मागून माझं काम तपासलंत आणि एका शब्दाने बोलला नाहीत! मी काय लहान मूल होते? एकदा म्हणाला असतात, "रंजनाबाई, तुम्हाला वास येत नाही ना? मग हे ठिपके शिका," तर त्या थंडीत मी ते करून पाहिलं असतं आणि त्या पोरीचा पाय शाबूत राहिला असता. याचा थोडा दोष तुमचाही आहे, काका. तुम्ही गेलात म्हणून तो मी सोडून देणार नाही. पण तो माझ्या दोषाच्या नखाएवढाही नाही, हेही मला कळतं.

त्याच दुपारी काकूंकडे गेले. त्या कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, मला वास येत नाही हे काकांना कधी कळलं?

"पेरू," म्हणाल्या. "दारामागं पिशवी अडकवली आणि तुम्ही ओळखले नाहीत. यांनी तीन दिवस पिशवी तिथंच ठेवून पाहिली. चौथ्या दिवशी घरी आणली. आठवडाभर पेरूची कोशिंबीर खाल्ली मी."

"मग मला बोलले काऊन नाहीत?"

"मी म्हटलं त्यांना, विचारा सरळ. तर म्हणाले, नाकाच्या जोरावर उभ्या राहिल्यात त्या, ते मी काढून कसं घेऊ? सांगतील त्यांच्या त्या. घाई कसली आहे."

घाई होती, काका.

मग मी काकूंना फेंडरचं सांगितलं. जोड माझा होता ते, आणि रॉडचं काय बोलले तेही. ते तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतंत. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता जा म्हणतील. पाठीवरून हात फिरवतील असंही क्षणभर वाटलं, मला तशी आशा होती. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी कुठं त्यांचा हात गेला म्हणत होते? म्हणणाऱ्याला सांगा." आणि पुन्हा निवडायला लागल्या. त्यांनी चहा विचारला नाही.

काल मॅनेजर आला. टेम्पोत सात फेंडर होते. म्हणाला, "काका गेले, पण तुम्ही आहात म्हणून आलो. तुमच्या नाकाची तारीफ ऐकलीय." मी त्याला उभ्यानेच सांगितलं. म्हटलं, काकांचा हात गेला नव्हता. तो जोड मी घातला होता, काका तेव्हा दवाखान्यात होते. मला कोविडपासून वास येत नाही. मी अंदाजाने जात ठरवली, चुकले, आणि तुम्ही त्यांना बोलत होतात तेव्हा शेजारी उभी राहून ऐकत होते. आता मी प्रत्येक तुकड्याला आतून दोन ठिपके लावून, ओढून बघते, हे असे. मी त्याला तुमचे ठिपके दाखवले.

ठिपक्यांकडे त्याने पाहिलंच नाही. मग म्हणाला, "त्या म्हाताऱ्या माणसाला मी काय काय बोललो, मॅडम." बाहेर जाऊन त्याने टेम्पोचं फाळकं लावलं. "विचार करून फोन करतो," म्हणाला आणि सातही फेंडर घेऊन गेला. फोन आलेला नाही. येईल असं वाटतही नाही. त्या पोरीचा पत्ता मात्र मी त्याच्याकडून मागून घेतलाय. उद्या जाणार आहे. या वेळी घरी पाहुणे नाहीत.

आज दिवसभर दुसरं काम नव्हतं, म्हणून तुमचा तो फेंडर घेतला. माझा जुना जोड खरवडून काढला. भेगेच्या पुढे बोटभर सोडून भोक पाडलं. पांढऱ्या टोकाचा रॉड लावून सावकाश भरत गेले. बाहेरून घासला. आतून काही केलं नाही. तुमचे दोन ठिपके, त्याखाली माझे दोन, तसेच ठेवलेत आणि समोरच्या भिंतीवर आतली बाजू बाहेर करून टांगलाय. थर्मासमधला चहा ओतला तेव्हा सवयीने तुमचं झाकणही भरलं.

तुम्ही एक विचारलं होतंत आणि मी तुम्हाला भलतंच सांगितलं होतं. त्या दिवशी वास कसला आला होता, असं विचारलं होतंत.

कसलाच आला नव्हता, काका.